हॉटेलच्या कचऱ्याचं बिल: डबे वाढवण्याआधी डब्यात काय जातं ते बघा

प्रश्न असा आलाय. पुण्यात बाणेरला ९० आसनांचं हॉटेल आहे, वरच्या मजल्यावर २५० पानांचा छोटा हॉल. खासगी ठेकेदार रोज २४० लिटरचे सहा डबे उचलतो आणि बिल डब्यामागे लावतो. यंदा त्याने दर वाढवला. मालक तीन गोष्टी विचारतायत: सहा डब्यांऐवजी ११०० लिटरचा एक मोठा कंटेनर घेऊ का, उचल एक दिवसाआड करू का, आणि कचरा दाबायचं यंत्र घेतलं तर फायदा होईल का.

तिन्ही गोष्टींबद्दल सांगतो, पण शेवटी. कारण तिन्ही प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरलीय, की तुमच्याकडे खरोखरच रोज सहा डबे कचरा होतो. हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि मॉल यांच्या कचऱ्याचं नियोजन करण्यात माझी १९ वर्षं गेली. एवढ्या काळात डबे गच्च भरल्यावरच उचलले जातात अशी जागा मला क्वचित दिसली. डब्यामागे पैसे देणारा माणूस डब्यातल्या जागेचं भाडं भरत असतो. आत काय आहे, किती दाबून बसलंय, वर किती रिकामं आहे, याच्याशी बिलाला काही देणंघेणं नसतं. ९० किलोचा डबा आणि ११ किलोचा डबा, दोन्हींना दर एकच.

म्हणून पहिलं काम म्हणजे तुमचं बिल नेमकं कशावर लागतं ते करारात वाचून काढा. डब्यामागे असेल तर आपलं भांडण आकारमानाशी आहे. किलोमागे असेल तर पाण्याशी, कारण अन्नाच्या कचऱ्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. महिन्याचा ठोक मक्ता असेल तर आज डबे कमी करूनही या महिन्यात एक रुपया सुटणार नाही. तिथे मोजमाप जमवून ठेवायचं आणि नूतनीकरणाच्या वेळी ते घेऊन बसायचं. करारात ‘किमान सहा डबे’ असं कलम आहे का तेही बघा. ते असेल तर बाकी सगळं करण्याआधी तेवढं सोडवून घ्यावं लागेल.

आता मोजणी. सात दिवस करायची आणि त्यात एक शनिवार-रविवार व हॉलवरचा एक कार्यक्रम आला पाहिजे. गाडी यायच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक डब्याचं झाकण उघडून फोटो काढा आणि वहीत लिहा: पूर्ण, पाऊण, अर्धा, पाव. शेजारी लिहा की जास्तीत जास्त जागा कशाने खाल्लीय: खोके, पिशव्या, खरकटं, ताटल्या, बाटल्या. शक्य असेल तर भाजीवाल्याकडचा तोलकाटा आणून दोन दिवस वजनही घ्या. हे काम मॅनेजरवर सोपवू नका, निदान पहिले दोन दिवस स्वतः उभे राहा. भांडी घासणाऱ्या मावशी आणि हाउसकीपिंगची मुलं यांना कचऱ्याबद्दल जे माहीत असतं ते मालकाला कधीच माहीत नसतं. आपण तिथे उभे राहिलो की ती माणसं बोलायला लागतात. सातारा रस्त्यावरच्या एका हॉटेलात मला एका मावशींनीच सांगितलं, “दादा, मागचे दोन डबे अर्धेच जातात, पण गाडीवाला म्हणतो बाहेर काढलाय तर उचलणारच.” त्या एका वाक्यात महिन्याचे साठ अर्धे डबे होते.

तुमच्या आकाराच्या जागी मला बहुतेक वेळा पहिला दोषी सापडतो तो पुठ्ठ्याचा खोका. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा साधा खोका घ्या. त्याने अडवलेली जागा ९६ लिटर, आणि त्याचं वजन धड एक किलोही नाही. म्हणजे असे अडीच खोके टाकले की २४० लिटरचा डबा संपला. तोच खोका तळाची पट्टी फाडून सपाट केला तर साधारण मीटरभर लांब, ८० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम सेंटिमीटर जाडीचा तक्ता होतो, आठ-दहा लिटरचा. जागा दहापट कमी. शिवाय असा सपाट पुठ्ठा डब्यात जायलाच नको. भिंतीला टेकवून उभा ठेवा, सुतळीने गठ्ठा बांधा, भंगारवाला पैसे देऊन नेतो. तुम्ही मात्र तो नेण्यासाठी ठेकेदाराला पैसे मोजताय. यात एकच अट आहे, पुठ्ठा कोरडा हवा. भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही आणि तो परत तुमच्या डब्यातच येतो.

“खोके फोडून टाकत जा” असं सांगून हे होत नाही. माल उतरतो त्या दाराशी एक कटर साखळीने बांधून ठेवा आणि माल कोठीत लावणाऱ्यानेच खोका फोडायचा असा नियम करा. नंतर कुणीतरी फोडेल म्हणून बाजूला ठेवलेला खोका रात्री बाराला थकलेला माणूस तसाच डब्यात कोंबतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तेव्हा मीही तेच केलं असतं.

दुसरी गोष्ट काळ्या पिशव्यांची. प्रत्येक टेबलाखालच्या, बेसिनखालच्या छोट्या डब्याला पिशवी लावलेली असते. पाव भरली की गाठ मारून मोठ्या डब्यात. आत कोंडलेल्या हवेसकट ती फुग्यासारखी बसते आणि अशा पंधरा-वीस पिशव्यांनी डबा काठोकाठ दिसतो. ओल्या कचऱ्याला तर पिशवी लावूच नका. स्वयंपाकघरातले छोटे डबे थेट मोठ्या डब्यात रिकामे करा आणि धुऊन पालथे घाला. त्याने जागा वाचते, पिशव्यांचा खर्च वाचतो, आणि खताच्या किंवा बायोगॅसच्या प्रकल्पावर प्लॅस्टिक वेगळं काढायचं काम कुणाच्या तरी हातावर पडत नाही. ओल्यात प्लॅस्टिक मिसळलेलं असलं की ठेकेदार जास्त दर लावतो, आणि ते मला रास्त वाटतं.

हॉलचा कचरा वेगळा हाताळा. सुपारीच्या पानांच्या २५० ताटल्या एकात एक बसवल्या तर अर्ध्या डब्याच्या आसपास मावतात. खरकट्यासकट जशाच्या तशा फेकल्या तर दीड-दोन डबे सहज जातात. बुफे असेल तर ताटल्या टाकायच्या जागी तीन गोष्टी ओळीने मांडा: आधी खरकटं झटकायला रुंद तोंडाचा डबा, मग ताटल्या रचायला टेबल, मग बाटल्या आणि पेले. आणि तिथे एक माणूस उभा हवा. पाहुणे पाटी वाचत नाहीत, पण “ताई, ताटली इकडे द्या” म्हणणारा कुणी असला तर आनंदाने देतात. दोन तासांच्या एका माणसाच्या मजुरीत दोन-तीन डबे वाचतात. बाटल्या बूच काढून, पिळून, परत बूच लावून ठेवल्या तर त्याही फार कमी जागेत बसतात.

शहाळ्यांबद्दल खास सांगतो, कारण हल्ली स्वागताला शहाळी ठेवायची पद्धत वाढलीय. शहाळं दाबलं जात नाही, मोडत नाही आणि एकमेकांत बसतही नाही. मधल्या पोकळ्या धरून एका शहाळ्याला चार लिटर जागा लागते. पन्नास शहाळी म्हणजे जवळपास एक डबा. शहाळीवाल्याशी ठरवतानाच सांगा की करवंट्या त्याने परत न्यायच्या. आगाऊ ठरवलं तर बहुतेक जण तयार होतात. नंतर विचारलं तर कुणीच होत नाही. भाजीवाल्याशीही असंच बोलता येतं. माल खोक्यांतून न येता क्रेटमधून यावा आणि रिकामे क्रेट दुसऱ्या दिवशी परत जावेत. फ्लॉवर जाड पाला काढूनच यावा. हिवाळ्यात मटार शेंगांनी घेता तेव्हा वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग टरफलांचा असतो. तो तुम्ही भाजी म्हणून विकत घेता आणि कचरा म्हणून परत पैसे देऊन पाठवता. सोललेला महाग वाटतो, पण सोलणाऱ्याची मजुरी आणि डबा दोन्ही धरून एकदा हिशोब करून बघा.

आता खरकटं, म्हणजे खरा ओला कचरा. इथे अडचण उलटी असते, डबा जागेने भरण्याआधी वजनाने भरतो. चाकांचे बहुतेक डबे ज्या युरोपीय मानकाला धरून बनतात त्यात लिटरमागे ४०० ग्रॅम भार धरलेला आहे, म्हणजे २४० लिटरच्या डब्याला ९६ किलो. भात, भाजी, आमटी मिसळलेलं खरकटं लिटरमागे अर्ध्या किलोच्या वरच जातं. गळ्यापर्यंत भरलेला डबा १२० ते १५० किलोंचा होतो. तो तळघराच्या उतारावरून वर ओढणाऱ्या दोन माणसांच्या कमरेचा विचार करा. चाक निखळतं, धुरा वाकतो आणि फुटलेल्या डब्याचे पैसे करारानुसार तुमच्याच माथी येतात. म्हणून ओल्यासाठी १२० लिटरचे डबे घ्या, तेही पाऊण भरा, आणि त्यांचा दर २४० च्या निम्म्याने ठरवून घ्या. ठेकेदाराच्या माणसांनाही हे सोयीचं पडतं, त्यामुळे यावर तो फारसा अडत नाही. इथे आणखी पैसे वाचवण्याच्या नादात डबा दाबून, पायाने चेपून भरू नका. फुटलेला काचेचा पेला आत असेल तर तो कुणाच्या तरी हातात घुसणार. काच वेगळ्या बादलीत, झाकणाखालीच गेली पाहिजे.

खरकटं निथळलं पाहिजे. भांडी घासायच्या जागी एक जाळीची बादली आणि तिच्याखाली दुसरी बादली ठेवा. रस्सा, सांबार, ताक, पेल्यातलं उरलेलं पाणी खाली निथळतं आणि वरचा घट्ट भाग डब्यात जातो. खालचं पाणी ग्रीस ट्रॅपमधूनच, म्हणजे तेल-तूप अडवणाऱ्या पेटीतूनच सोडायचं, आणि तो ट्रॅप वेळच्या वेळी साफ झाला पाहिजे. नाहीतर कचऱ्याचं वाचलेलं बिल गटार तुंबल्यावर प्लंबरला द्याल. तळणीचं तेल मात्र ना डब्यात, ना मोरीत. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजनाही सुरू केली. नोंदणीकृत संकलक ते तेल पैसे देऊन नेतात. बंद कॅनमध्ये साठवा आणि पावती ठेवा.

पावसाळ्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. २४० लिटरच्या डब्याचं तोंड साधारण ०.३ चौरस मीटर. झाकण उघडं राहिलं आणि रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका डब्यात ३० लिटर पाणी साचतं, म्हणजे ३० किलो. किलोमागे बिल असेल तर ते पाणी तुम्ही विकत घेतलंत. डब्यामागे असेल तरी पुठ्ठा गेला, वास सुटला आणि काळं पाणी रस्त्यावर आलं. दोन पत्रे टाकून छप्पर करायला जो खर्च येतो तो एका पावसाळ्यात भरून निघतो.

डबे कुठे ठेवता यावर बरंच काही ठरतं. सहा डबे ओळीने मांडले की माणसं जवळचा डबा सोडून हवा तो उघडतात आणि सहाही डबे अर्धे-अर्धे भरतात. एका वेळी एकच ओला आणि एकच सुका डबा उघडा ठेवा, बाकीचे कुलुपात. पहिला भरला की दुसरा उघडायचा. कुलपाचा आणखी एक उपयोग आहे. मागच्या गल्लीत डबे उघडे असले की शेजारचं दुकान, चहाची टपरी, रात्री गाडी थांबवून पिशवी टाकणारे, असे सगळे तुमच्या डब्यात भर घालतात. एका ठिकाणी मी सात दिवसांच्या फोटोंत औषधांच्या दुकानाची रिकामी खोकी मोजली होती. ते हॉटेल दुसऱ्याच दुकानाच्या कचऱ्याचं बिल भरत होतं.

गाडीची वेळही बघा. तुमची उचल सकाळी अकराला होत असेल तर तोवर आचाऱ्याने भाजी चिरायला घेतलेली असते आणि सालं-देठांनी नवा डबा पाव-अर्धा भरलेला असतो. तो अर्धा डबाही जातो. सकाळी सातची वेळ मिळाली तर फक्त रात्रीपर्यंतचा, पूर्ण भरलेला माल जातो. आणि हाउसकीपिंगला स्पष्ट सांगा, पाऊण भरल्याशिवाय सुका डबा गेटबाहेर काढायचा नाही.

आता तुमचे तीन प्रश्न.

११०० लिटरचा कंटेनर तुमच्यासाठी मला योग्य वाटत नाही. तो साडेचार डब्यांएवढा आहे. खरकट्याने निम्मा भरला तरी पावणेतीनशे किलोच्या पुढे जातो आणि यांत्रिक हात असलेल्या गाडीशिवाय उचलला जात नाही. अरुंद गल्लीत अशी गाडी शिरणार आहे का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो निम्मा भरला तरी बिल पूर्ण लागतं. छोट्या डब्यांत निदान रिकामा डबा आत ठेवता येतो. मोठा कंटेनर सुक्या मालाचा रोज मोठा ढीग पडणाऱ्या मॉलला किंवा गोदामाला परवडतो.

एक दिवसाआड उचल ओल्याची मुळीच करू नका. आपल्या हवेत खरकटं दुसऱ्या दिवशी आंबतं, माश्या आणि उंदीर येतात, आणि हे सगळं स्वयंपाकघराच्या दाराशी. सुक्याची मात्र आठवड्यातून दोनदाच ठेवा. मला तर इथेच तुमची मोठी बचत दिसते. आज ओला आणि सुका एकाच फेरीत, एकाच दराने रोज जातोय. रोज १२० लिटरचे तीन डबे ओला, आणि आठवड्यातून दोनदा सुका, त्यातून पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे भंगारात गेल्यावर जे उरेल तेवढाच. सातारा रस्त्यावरच्या ज्या हॉटेलचं वर सांगितलं तिथे याच रीतीने रोजचे सात डबे दोन महिन्यांत चारवर आले, तेही एकही यंत्र न घेता.

यंत्राचं म्हणाल तर ओला कचरा दाबला की पाणी सुटतं, वास वाढतो, डबा आणखी जड होतो. सुक्यासाठी गठ्ठे बांधायचं यंत्र रोज शेकडो खोके येतात तिथे ठीक. तुमच्याकडे कटर आणि सुतळी पुरेल.

करारात मात्र दोन-तीन गोष्टी लिहून घ्याच. हॉलचा कचरा वर्षभर सारखा नसतो. लग्नसराईत आठ डबे लागतील, आणि चातुर्मासात मुहूर्तच नसतात तेव्हा हॉल आठवडेच्या आठवडे बंद राहील. वर्षभर सहा डब्यांचा सरसकट करार केलात तर आषाढापासून कार्तिकापर्यंत रिकाम्या डब्यांचे पैसे भरता. रोजचे डबे कमीत कमी ठेवा आणि कार्यक्रमाच्या दिवशीचे जादा डबे ‘सांगितल्यावर’ या तत्त्वावर, दर आधी ठरवून. रोज किती डबे उचलले याची चिठ्ठी दोघांच्या सहीने व्हावी. दर सोमवारी बंद असणाऱ्या एका हॉटेलला तीसही दिवसांचं बिल लागत होतं. ठेकेदाराचा हेतू वाईट नव्हता, त्याच्या मुलाने फक्त सहाला तीसने गुणलं होतं. चिठ्ठ्याच नसल्यामुळे मागचे पैसे परत मागायला काही आधार उरला नाही.

स्वस्त ठेकेदार शोधायच्या आधी त्याला एकच विचारा, माल कुठे उतरवतो? प्रकल्पाची पावती दाखवता आली पाहिजे. पुण्याच्या कचऱ्याचे डोंगर उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलेत. त्यात आपल्या हॉटेलची भर पडावी असं तुम्हाला वाटणार नाही, याची मला खात्री आहे. नदीपात्रात किंवा रस्त्याकडेला रात्री गाडी रिकामी करणाराच सगळ्यात कमी दर सांगू शकतो. घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा रस्त्यावर, नाल्यात टाकायला आणि जाळायला मनाई आहे, वर्गीकरणाची जबाबदारी कचरा करणाऱ्याची आहे, आणि रोज सरासरी १०० किलोंच्या वर कचरा करणारी आस्थापना मोठी कचरा उत्पादक ठरते. मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून अशा मोठ्या उत्पादकांनी ओला कचरा आवारातच जिरवावा हे धोरण लावलं. तुम्ही त्या १०० किलोंच्या रेघेच्या आसपास असाल असा माझा अंदाज आहे. म्हणून ते दोन दिवसांचं वजन टाळू नका. रेघेच्या वर असाल तर वॉर्ड ऑफिसमधल्या आरोग्य निरीक्षकांना स्वतः जाऊन भेटा आणि आवारात खतासाठी जागा निघते का ते बघा. निघाली तर रोजच्या ओल्या डब्यांतला निदान भाजीच्या सालांचा एक डबा तिथेच जिरेल.

मोजणी येत्या सोमवारपासून सुरू करा. सात दिवसांची वही आणि झाकण उघडलेले फोटो हाताशी आले की डबे कुठून कमी करायचे ते डब्यागणिक सांगता येईल. ठेकेदाराला दर कमी करा म्हणायला तोवर जाऊ नका.